विंडोजसोबत येणारा अँटीव्हायरस घरच्या संगणकाला पुरेसा आहे का?

घरच्या संगणकावरील विकतच्या अँटीव्हायरसची मुदत पुढील महिन्यात संपत आहे आणि नूतनीकरणाच्या सूचना आतापासूनच दिवसाआड पडद्यावर झळकू लागल्या आहेत. गेली अकरा वर्षे ही वर्गणी मी न चुकता भरत आलो. यंदा प्रथमच प्रश्न पडला, की विंडोजमध्ये मुळातच असलेला डिफेंडर हेच काम करत असेल, तर आपण नेमके कशाचे पैसे मोजतो?

माझ्या मनातील अविश्वास जुना आहे आणि तो अगदीच निराधार नाही. विंडोज व्हिस्टासोबत जो डिफेंडर आला, तो केवळ हेरगिरी करणारे प्रोग्राम शोधत असे. व्हायरससाठी दुसरी सोय करावीच लागे. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी इसेन्शियल्स मोफत दिले, पण ते वेगळे उतरवून घ्यावे लागे. २०१२ मध्ये विंडोज ८ आले, तेव्हा कुठे डिफेंडर पूर्ण अँटीव्हायरस म्हणून संगणकात आधीपासून बसवलेला मिळू लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मनीतील एव्ही-टेस्ट या चाचणी संस्थेने सिक्युरिटी इसेन्शियल्सला प्रमाणपत्र नाकारले होते. त्या काळी डिफेंडरवर विसंबणे म्हणजे दाराला नुसती कडी लावून गावाला जाणे, असे आम्ही म्हणत असू.

आता चित्र बदलले आहे. त्याच एव्ही-टेस्टच्या अलीकडच्या घरगुती चाचण्यांत डिफेंडरला संरक्षणासाठी सहापैकी सहा गुण वारंवार मिळालेले दिसतात. माझे मत असे बनत चालले आहे, की अपडेट वेळच्या वेळी घेणाऱ्या साधारण घरगुती वापरकर्त्याला डिफेंडर पुरेसा आहे. तरी वर्गणी बंद करण्यापूर्वी जाणकारांचे म्हणणे ऐकावे, म्हणून हा धागा. घरात दोन संगणक आहेत. एकावर बँकेचे व्यवहार आणि छायाचित्रांचा संग्रह असतो, दुसऱ्यावर मुलगा खेळ खेळतो.

प्रतिसाद १ : चाचणीच्या गुणांविषयी

धागाकर्त्यांच्या निष्कर्षाशी सहमत आहे, मात्र सहापैकी सहा या आकड्यावर फार भार टाकू नये. त्या चाचणीत बहुतेक नामांकित उत्पादने पाच-सहा गुणांच्या आसपासच असतात. वर्गातील जवळजवळ सर्वांनाच पैकीच्या पैकी मिळाले, तर त्या परीक्षेवरून हुशार कोण हे ठरत नाही. नापास कोण एवढेच कळते. डिफेंडर आता नापास होत नाही, इतकाच अर्थ त्यातून काढावा, आणि घरगुती वापरासाठी तेवढा अर्थही पुरेसा आहे.

अधिक बोलके निकाल पाहायचे असतील, तर ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज ही संस्था इंटरनेट जोडलेले असताना आणि नसताना घातक प्रोग्रामचे किती नमुने पकडले गेले, हे वेगवेगळे छापते. डिफेंडरची खरी मर्यादा तेथे दिसते. इंटरनेट असताना तो पहिल्या फळीत असतो, आणि जोडणी तोडली की त्याची पकडण्याची क्षमता बरीच घसरते. कारण उघड आहे. अनोळखी फाइल समोर आली की तो तिची माहिती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे पाठवून निवाडा मागतो, आणि तोवर फाइल उघडू देत नाही. ही अडवणूक मूळ मांडणीत दहा सेकंदांपर्यंत असते. त्यामुळे पेनड्राइव्हवरून फाइलींची ने-आण करणाऱ्या आणि इंटरनेट क्वचितच जोडणाऱ्या संगणकासाठी माझे उत्तर वेगळे असेल. असे संगणक घरोघरी आता फारसे उरलेले नाहीत, हा भाग निराळा.

प्रतिसाद २ : विकतच्या उत्पादनात अधिक काय मिळते?

मी वर्गणी भरणाऱ्यांपैकी आहे आणि पुढेही भरणार आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. एकच वर्गणी पाच उपकरणांना चालते, त्यांत फोनही येतात, मुलांच्या वापरावर मर्यादा घालता येतात, आणि अडचण आली की बोलायला कोणीतरी असते. डिफेंडरने काही पकडले तर तो इंग्रजीत एक लांबलचक नाव दाखवून मोकळा होतो. पुढे काय करावे हे सामान्य माणसाला त्यातून उमगत नाही. शिवाय फसव्या संकेतस्थळांपासूनचे डिफेंडरचे संरक्षण, म्हणजे स्मार्टस्क्रीन, प्रामुख्याने एज ब्राउझरमध्ये काम करते. आपल्यापैकी किती जण एज वापरतात?

प्रतिसाद ३ : प्रतिसाद २ ला उत्तर

स्मार्टस्क्रीनविषयी आपण म्हणता ते बरोबर आहे, पण क्रोम आणि फायरफॉक्स यांत गूगलची सेफ ब्राउझिंग ही यादी तेच काम करते, त्यामुळे ती जागा रिकामी राहत नाही. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीवर ब्राउझर ‘ही बाहेरून आलेली आहे’ अशी अदृश्य खूण करतो आणि ती फाइल चालवताना विंडोज स्मार्टस्क्रीनला विचारते, मग ब्राउझर कोणताही असो.

वर्गणीत मिळणाऱ्या इतर गोष्टींविषयी मला थोडे कडवट बोलावेसे वाटते. अँटीव्हायरस हा विकायला अवघड माल होत चालल्यामुळे कंपन्यांनी त्याभोवती पासवर्डची तिजोरी, व्हीपीएन (इंटरनेटची जोडणी आडून नेणारी सेवा), कचरा साफ करणारे प्रोग्राम असा मोठा बाजार मांडला आहे. नॉर्टनने २०२१ मध्ये आपल्या उत्पादनात चक्क इथेरियम हे आभासी चलन निर्माण करण्याची सोय दिली होती आणि कमाईतील पंधरा टक्के वाटा स्वतःकडे ठेवला होता. ती सोय वापरकर्त्याने सुरू केली तरच चालत असे, हे खरे. परंतु रखवालदाराने गच्चीवर कारखाना काढण्याची परवानगी मागावी, तसा हा प्रकार होता.

अव्हास्टचे प्रकरण याहून गंभीर आहे. तिच्या जम्पशॉट या उपकंपनीमार्फत वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकली जात असल्याचे उघड झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये ती उपकंपनी बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याचा आदेश काढला. अँटीव्हायरसला आपण संगणकातील प्रत्येक फाइल आणि प्रत्येक पान पाहण्याचा अधिकार देतो. हा अधिकार मायक्रोसॉफ्टला विंडोज वापरताना आपण दिलेलाच आहे. तोच आणखी एका कंपनीला का द्यावा, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

प्रतिसाद ४ : अँटीव्हायरस स्वतःच वाट देतो तेव्हा

वरील मुद्द्याची तांत्रिक बाजू सांगतो. कोणत्याही अनोळखी फाइलीची चिरफाड करणारा प्रोग्राम सर्वाधिक अधिकारानिशी चालत असेल, तर त्या चिरफाडीतील एक चूक म्हणजे हल्लेखोराला थेट माजघरापर्यंतची वाट असते. आणि डिफेंडरही यातून सुटलेला नाही. मे २०१७ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या दोष शोधणाऱ्या गटातील संशोधकांनी डिफेंडरच्या तपासणी यंत्रणेतच अशी चूक दाखवून दिली, की विशिष्ट पद्धतीने रचलेली फाइल केवळ तपासली गेल्याने संगणक ताब्यात जाऊ शकला असता. दुरुस्ती काही दिवसांतच आली. पुढे २०१८ मध्ये ही चिरफाड वेगळ्या बंदिस्त कप्प्यात चालवण्याची सोय डिफेंडरमध्ये झाली.

अँटीव्हायरस विंडोजच्या गाभ्यात किती खोलवर बसतो, याचा पुरावा जगाने १९ जुलै २०२४ रोजी पाहिला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख संगणक बिघाड दाखवणाऱ्या निळ्या पडद्यावर अडकले. ते उत्पादन कंपन्यांसाठीचे होते, घरगुती नव्हे. पण गाभ्यात ड्रायव्हर, म्हणजे विंडोजचाच भाग होऊन चालणारा छोटा प्रोग्राम, बसवण्याची पद्धत घरगुती उत्पादनांतही असतेच. जितके पहारेकरी वाढवाल, तितक्या किल्ल्या बाहेर जातील.

प्रतिसाद ५ : एक व्यावहारिक प्रश्न

दोन्ही एकत्र चालवले तर दुप्पट संरक्षण मिळणार नाही का?

प्रतिसाद ६ : प्रतिसाद ५ ला उत्तर

नाही. दुसरा अँटीव्हायरस बसवताच तो विंडोजकडे स्वतःची नोंद करतो आणि डिफेंडर बाजूला होतो. हे मुद्दाम केलेले आहे, कारण दोघेही प्रत्येक फाइल उघडताना मध्ये पडू लागले तर संगणक रखडतो आणि कधी कधी एकमेकांच्या कामालाच ते व्हायरस समजतात. डिफेंडरकडून अधूनमधून तपासणी करून घेण्याची मुभा तेवढी राहते.

यातूनच एक सापळा निर्माण होतो. नव्या संगणकासोबत अनेकदा एखाद्या अँटीव्हायरसची तात्पुरती आवृत्ती आधीच बसवलेली येते. तिची मुदत संपते, मालक सूचना बंद करत राहतो, आणि संगणकाला नेमके कोण सांभाळत आहे हे कोणालाच ठाऊक नसते. मुदत संपलेल्या उत्पादनाची जागा डिफेंडरने आपोआप घ्यावी अशी विंडोजची रचना आहे, तरीही ‘विंडोज सिक्युरिटी’ हे पान उघडून तेथे कोणाचे नाव दिसते ते प्रत्यक्ष पाहावे. नको असलेली आवृत्ती नीट काढून टाकावी, आणि साध्या पद्धतीने निघत नसेल तर त्या कंपनीचे स्वतःचे काढणी-साधन वापरावे.

प्रतिसाद ७ : हल्ला ज्या दाराने येतो ते दार

ही चर्चा वाचताना मला राहून राहून असे वाटते, की आपण पहारेकऱ्यांची तुलना करत आहोत आणि चोर मात्र यजमानाच्या निमंत्रणावरून आत येत आहे.

माझ्या वडिलांच्या संगणकाचे उदाहरण देतो. पडद्यावर अचानक ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस आढळले’ अशी पाटी आली आणि तीत एक दूरध्वनी क्रमांक होता. ती पाटी कोणत्याही अँटीव्हायरसची नव्हती. एका संकेतस्थळाने सूचना दाखवण्याची परवानगी मागितली होती, वडिलांनी ‘अलाउ’ दाबले होते, आणि ब्राउझर ती परवानगी इमानेइतबारे पाळत होता. वडिलांनी फोन केला. पलीकडच्या माणसाने अत्यंत नम्रपणे दूरनियंत्रणाचा एक प्रोग्राम उतरवायला लावला. तो प्रोग्राम अस्सल होता, त्यावर निर्मात्या कंपनीची डिजिटल सही होती, जगभर लाखो लोक तो कामासाठी वापरतात, म्हणून त्यांच्या विकतच्या अँटीव्हायरसने त्याला अडवण्याचे काही कारणच नव्हते. आई खोलीत आली आणि तिने वायफाय बंद केले, म्हणून निभावले.

दुसरा प्रकार गेल्या काही वर्षांत फोफावला आहे. ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा’ असे सांगणारे एक पान उघडते आणि त्यासाठी विंडोजची कळ व आर एकत्र दाबा, मग कंट्रोल व व्ही, मग एंटर, अशा पायऱ्या देते. पान उघडतानाच त्याने क्लिपबोर्डमध्ये, म्हणजे कॉपी केलेला मजकूर जेथे तात्पुरता राहतो तेथे, एक आज्ञा ठेवलेली असते, आणि या तीन पायऱ्यांनी वापरकर्ता ती आज्ञा स्वतःच्या हाताने चालवतो. येथे फाइल उतरवली जात नाही, त्यामुळे बाहेरून आल्याची खूण नाही आणि स्मार्टस्क्रीनला विचारण्याचा प्रसंगही येत नाही. विंडोज १० पासून अशा आज्ञा चालण्यापूर्वी अँटीव्हायरसला दाखवण्याची सोय आहे आणि पुष्कळदा तेथे त्या पकडल्या जातात, पण दर काही तासांनी शब्दरचना बदलणाऱ्या आज्ञेमागे कोणताही पहारेकरी दोन पावले मागेच राहणार.

या मार्गाने येणारे प्रोग्राम बहुधा ब्राउझरमधील साठवलेले पासवर्ड आणि कुकीज (आपण आधीच लॉगिन केले आहे, हे संकेतस्थळाला सांगणाऱ्या छोट्या नोंदी) उचलतात आणि काही मिनिटांत निघून जातात. नंतर अँटीव्हायरसने संगणक स्वच्छ असल्याचा निर्वाळा दिला, तरी त्याचा काही उपयोग नसतो. चोरलेल्या कुकीमुळे हल्लेखोर पासवर्डशिवायच खात्यात शिरलेला असतो. अशा वेळी दुसऱ्या, निर्धोक उपकरणावरून सर्व ठिकाणचे लॉगिन आधी रद्द करावे लागते आणि मग पासवर्ड बदलावे लागतात. हा क्रम बहुतेकांना माहीत नसतो.

प्रतिसाद ८ : अपडेटचा मुद्दा निसटत आहे

प्रतिसाद ७ उत्तम आहे, परंतु माणसाच्या हाताशिवाय पसरणारे हल्लेही असतात. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम विंडोजच्या फाइल वाटणीतील एका दोषातून एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरला आणि सुमारे १५० देशांत दोन लाखांहून अधिक संगणकांना त्याची झळ पोहोचली. त्या दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. जवळजवळ दोन महिने हाताशी होते.

म्हणून ‘डिफेंडर पुरेसा आहे का’ या प्रश्नाआधी विंडोज कोणते आहे, हे विचारावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. डिफेंडरला नवे व्हायरस ओळखण्याची माहिती मात्र विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. हे ऐकून अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आहे आणि तो चुकीचा आहे. ओळखीची यादी ताजी राहिली तरी आधार संपल्यावरही मिळणाऱ्या विस्तारित अपडेटसाठी नोंदणी केलेली नसेल, तर विंडोजमधील नवे दोष उघडेच राहतात. छप्पर गळत असताना दाराचे कुलूप नवे करण्यासारखे हे आहे. तशा संगणकावर महागातील महाग अँटीव्हायरस बसवला, तरी हे दुखणे बरे होत नाही.

प्रतिसाद ९ : मॅकविषयी

मॅक वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. मॅकला व्हायरस होत नाही हा समज २०१२ मध्येच मोडला. जावा या सॉफ्टवेअरमधील दोषाचा फायदा घेऊन फ्लॅशबॅक या घातक प्रोग्रामने सहा लाखांहून अधिक मॅक ताब्यात घेतले होते. घातक प्रोग्राम ओळखणारे अ‍ॅपलचे एक्सप्रोटेक्ट २००९ पासून आणि अनोळखी निर्मात्याचे प्रोग्राम अडवणारे गेटकीपर २०१२ पासून पाठीमागे शांतपणे काम करतात. ते वेगळा प्रोग्राम म्हणून दिसत नाहीत, म्हणून ते आहेत हेच अनेकांना माहीत नसते. माझ्या मते घरगुती वापरासाठी तेही पुरेसे आहेत, अट एवढीच की गेटकीपरने अडवलेला प्रोग्राम आडवाटेने उघडण्याची सवय नसावी.

प्रतिसाद १० : मुलाच्या संगणकाविषयी

धागाकर्त्यांनी दुसऱ्या संगणकाचा उल्लेख ओझरता केला आहे, पण मला काळजी त्याचीच वाटते. फुकटात मिळवलेले खेळ आणि खेळात लबाडी करण्याचे प्रोग्राम यांच्यासोबत हमखास एक सूचना असते: ‘बसवण्यापूर्वी डिफेंडर बंद करा, तो उगाच अडवतो.’ कधी कधी ते खरेही असते, आणि हल्लेखोर नेमका त्याच सवयीचा फायदा घेतो. एकदा अडवणूक खोटी निघाली, की मूल पुढच्या प्रत्येक अडवणुकीला खोटे समजते.

यावर उपाय नव्या अँटीव्हायरसचा नाही. मुलाला साधे खाते द्यावे आणि प्रशासकाच्या खात्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेवावा. मग डिफेंडर बंद करणे किंवा त्याच्या वगळलेल्या फोल्डरांच्या यादीत भर घालणे त्याला परस्पर जमणार नाही. ती यादी आजच उघडून पाहा. माझ्या घरी तीत संपूर्ण डी ड्राइव्ह सापडला होता.

प्रतिसाद ११ : बंद असलेली एक सोय

डिफेंडरमध्ये २०१७ पासून ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ नावाची सोय आहे. ती सुरू केली की कागदपत्रे, छायाचित्रे इत्यादी फोल्डरांत अनोळखी प्रोग्रामना बदल करता येत नाहीत, त्यामुळे खंडणीखोर प्रोग्राम आत शिरलाच तरी त्याला फाइली कुलूपबंद करणे अवघड होते. मूळ मांडणीत ती बंद असते आणि दुसरा अँटीव्हायरस बसवलेला असेल तर वापरताच येत नाही. छायाचित्रांची एक प्रत संगणकापासून सोडवून ठेवलेल्या डिस्कवर असणे मात्र याहूनही महत्त्वाचे आहे. सतत जोडलेली डिस्क मूळ फाइलींसोबतच कुलूपबंद होते.

प्रतिसाद १२ : धागाकर्ता

सर्वांचे आभार. वर्गणीचे आपोआप नूतनीकरण रद्द केले. ते बटण शोधायला पाऊण तास लागला, यावरूनही बरेच काही कळले. जुने उत्पादन काढल्यावर त्याच्या कंपनीचे काढणी-साधनही चालवले आणि संगणक पुन्हा सुरू होताच विंडोज सिक्युरिटीच्या पानावर डिफेंडरचे नाव आले. खात्रीसाठी आयकार ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल उतरवून पाहिली. ती साठवली जाण्याआधीच उचलली गेली.

मुलाच्या संगणकावरील वगळलेल्या फोल्डरांच्या यादीत दोन नोंदी निघाल्या. दोन्ही खेळांच्या आहेत, असे तो म्हणतो. त्या काढल्या, खाते साधे केले आणि संगणक पुन्हा सुरू करून, विंडोज चालू होण्याआधी घेतली जाणारी ऑफलाइन तपासणी चालवली. तीत काही सापडले नाही. प्रतिसाद ७ वाचल्यानंतर तेवढ्यावर विसंबवले नाही, म्हणून त्याच्या सर्व खात्यांची जुनी लॉगिने माझ्या फोनवरून रद्द करून पासवर्ड बदलले. यावर घरात दोन दिवस अबोला आहे.

कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस सुरू केले आणि पहिल्याच संध्याकाळी त्याने माझाच छायाचित्रे सुधारण्याचा जुना प्रोग्राम अडवला. त्याला परवानगीच्या यादीत घालावे, की तो इतका जुना आहे म्हणून बदलून टाकावा, हे अजून ठरवलेले नाही. कोणाला अनुभव असल्यास लिहावे.